सिरपच्या बाटलीत पाणी का घालू नये?

डेटॉलचे दोन थेंब पाण्यात टाकले की स्वच्छ पाणी दुधाळ होते. बाटलीत तर ते पारदर्शक होते, मग असे का झाले? बाटलीतले जंतुनाशक आणि पाइनचे तेल अल्कोहोल व साबणाच्या आधाराने विरघळलेले असते. पाण्यात अल्कोहोल पातळ झाले, आधार सुटला आणि तेलाचे बारीक थेंब बाहेर पडले. पोटात घ्यायच्या औषधांनाही हाच नियम लागू आहे.

एकटे पाणी पुरत नाही

तापावरचे पॅरासिटामॉल घ्या. २५ अंश सेल्सिअसला १ मिली पाण्यात ते सुमारे १४ मिलिग्रॅम विरघळते, म्हणजे ५ मिलीत ७०. पण मुलाच्या ५ मिली डोसात १२५ किंवा २५० मिलिग्रॅम औषध हवे असते. मग दोनच मार्ग उरतात. एक, औषधाचे बारीक कण द्रवात तरंगते ठेवणे. यालाच सस्पेन्शन म्हणतात. दुसरा, पाण्यात प्रॉपिलिन ग्लायकॉलसारखा दुसरा द्रव मिसळणे. हा झाला सहद्रावक.

किती मिसळायचे?

सहद्रावक कमी पडला तर औषध खाली बसते. जास्त झाला तर तान्ह्या बाळाला तो झेपत नाही. म्हणून आधी गणित करावे लागते. अमेरिकन औषधशास्त्रज्ञ सॅम्युएल याल्कोव्स्की यांचा नियम सोपा आहे : सहद्रावक समान टप्प्यांनी वाढवला की औषध विरघळण्याची मर्यादा गुणाकाराने वाढते. समजा, १० टक्क्यांना ती दुप्पट झाली. तर २० टक्क्यांना चौपट आणि ४० टक्क्यांना सोळापट होईल.

प्रत्यक्षात हा हिशेब थोडा चुकतो. पॅरासिटामॉल तर अल्कोहोल-पाण्याच्या काही मिश्रणांत निव्वळ अल्कोहोलपेक्षाही जास्त विरघळते. म्हणून जूयबान आणि एक्री या शास्त्रज्ञांच्या सूत्रात दुरुस्तीची पदे जोडलेली आहेत. मोजक्या प्रयोगांवरून बाकीच्या मिश्रणांचा अंदाज त्यातून बांधता येतो.

आता हेच गणित उलटे करा. ४० टक्के सहद्रावकाच्या बाटलीत तितकेच पाणी ओतले, तर सहद्रावक २० टक्के होतो. औषधाचे प्रमाण निम्मे होते, पण विरघळण्याची मर्यादा सोळापटीवरून चौपटीवर, म्हणजे पावपट होते. बाटली आधी काठोकाठ विरघळलेल्या औषधाची असेल तर उरलेले औषध तळाशी बसते. मग वरचा डोस कमी पडतो आणि शेवटचा जास्त होतो. झटके थांबवणाऱ्या डायझेपामच्या इंजेक्शनमध्ये ४० टक्के प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि १० टक्के अल्कोहोल असते. ते दुसऱ्या द्रवात मिसळू नये असे सांगतात, त्यामागे हेच कारण आहे.

विरघळले म्हणजे सुरक्षित नव्हे

१९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध डायएथिलिन ग्लायकॉलमध्ये विरघळवून विकले गेले. औषध छान विरघळले. पण तो द्रव विषारी आहे का, हे कोणी तपासले नव्हते. शंभराहून अधिक माणसे दगावली. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांचा जीव गेला. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. औषध विरघळेल का, एवढेच सूत्र सांगते. द्रावक शुद्ध आहे का, हे प्रत्येक वेळी प्रयोगशाळेतच तपासावे लागते.

घरात पाळायचे नियम

१. तयार सिरपच्या बाटलीत पाणी घालू नका. पावडरच्या बाटलीत मात्र उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंतच घाला.

२. दोन सिरप एका बाटलीत एकत्र करू नका.

३. सस्पेन्शन दरवेळी नीट हलवून घ्या. एरवी स्वच्छ दिसणाऱ्या सिरपमध्ये खडे किंवा साका दिसला तर ते वापरू नका.

४. लेबलवर लिहिले असेल तरच बाटली फ्रीजमध्ये ठेवा. थंडीने विद्राव्यता घटते.

५. औषध बिल घेऊनच विकत घ्या आणि बॅच नंबर जपून ठेवा. डॉक्टरांना न विचारता लहान मुलाला खोकल्याचे औषध पाजू नका.

६. सिरप दिल्यावर मुलाला उलट्या होऊ लागल्या, लघवी कमी झाली किंवा थांबली, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. बाटली सोबत न्या.