एजंटची व्हायवा

सर्व्हर स्लो झाला की आपण काय करतो? ग्राफ उघडतो. एखादी रेघ वर गेलेली दिसली की ‘सापडला चोर!’ म्हणून मोकळे होतो. पण त्या ग्राफला आकडे कोण पुरवतो आणि तो खरं बोलतो का, हे कुणी विचारत नाही. मित्रांनो, या लेखात मी त्या आकडे पुरवणाऱ्याची तोंडी परीक्षा कशी घ्यायची ते सांगणार आहे. लिनक्सच्या टर्मिनलवर थोडंफार काम केलेल्या कुणालाही हे जमेल. (आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन, छोट्या लिपीतली अक्षरं वापरा.)

आधी ओळख

परफॉर्मन्स को-पायलट, म्हणजेच पीसीपी, हा सॉफ्टवेअरचा संच १९९० च्या दशकात सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीत तयार झाला आणि २००० साली ओपन सोर्स झाला. त्याच्या मध्यभागी पीएमसीडी नावाचा डेमन असतो. गंमत म्हणजे हा डेमन स्वतः फारसं काही मोजत नाही. तो मेसमधल्या वाढप्यासारखा आहे. मागेल ते आणून देतो, पण भाजी त्याने केलेली नसते. मोजण्याचं काम एजंट करतात. कर्नलचा एजंट वेगळा, डेटाबेसचा वेगळा, आणि आपल्याला हवा तसा एजंट आपणही लिहू शकतो. या एजंटला पीएमडीए म्हणतात.

आता ग्राफवर चुकीचा आकडा आला तर दोष कुणाचा? ग्राफ काढणाऱ्या टूलचा, डेमनचा की एजंटचा? हा गुंता सोडवण्यासाठी पीसीपीमध्येच एक छोटा डीबगर आहे, त्याचं नाव डीबीपीएमडीए. तो पीएमसीडीला बाजूला ठेवतो आणि त्याच्या खुर्चीत तुम्हाला बसवतो. समोर एजंट, प्रश्न विचारणारे तुम्ही. थोडक्यात, एक्स्टर्नल तुम्हीच!

पहिले प्रश्न

सरावासाठी पीसीपीबरोबर ‘सिंपल’ नावाचा नमुना एजंट मिळतो, सोर्स कोडसकट. डीबीपीएमडीए सुरू केला की प्रॉम्प्ट येतो. तिथे आधी एजंटशी जोडणी करायची. एजंट स्वतंत्र प्रोग्रॅम असेल तर ‘ओपन पाइप’ लिहून पुढे त्याचा पाथ द्यायचा. तो शेअर्ड लायब्ररीच्या रूपात असेल तर ‘ओपन डीएसओ’, मग फाइलचं नाव, सुरुवातीच्या फंक्शनचं नाव आणि डोमेन क्रमांक. सिंपलचा डोमेन क्रमांक २५३ आहे.

प्रत्येक मेट्रिकला तीन भागांचा क्रमांक असतो : डोमेन, क्लस्टर, आयटम. २५३.०.० म्हणजे सिंपलचं ‘नमफेच’, एजंटकडे आतापर्यंत किती वेळा आकडे मागितले त्याची मोजणी. ‘गेटडेस्क ऑन’ करून ‘फेच २५३.०.०’ द्या, आकडा येईल. परत द्या, एकाने वाढलेला दिसेल. वाढला नाही तर समजा काहीतरी बिघडलंय. अपेक्षित उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न विचारणं, हीच इथली पहिली युक्ती.

दुसरा प्रश्न ‘डेस्क’. हे डिस्क्रिप्शनचं लघुरूप, डी-ई-एस-सी. हा प्रश्न आकडा नाही, आकड्याचं ओळखपत्र मागतो : ३२ बिट की ६४ बिट, एकक कोणतं, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तो ‘काउंटर’ आहे की ‘इन्स्टंट’. काउंटर म्हणजे गाडीच्या मीटरमधले एकूण किलोमीटर, इन्स्टंट म्हणजे स्पीडोमीटरचा काटा. तिसरा प्रश्न ‘इन्स्टन्स’. एकाच मेट्रिकच्या वेगवेगळ्या नगांची यादी तो देतो. सिंपलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन रंग आहेत.

दुसरा मजला आणि त्याची बदनामी

हे सगळं सबमिशनपुरतं नाही, हे मला हॉस्टेलच्याच एका प्रकरणात पटलं. ज्युनियर्सच्या एका ग्रुपने प्रत्येक मजल्याच्या स्विचमधून किती बाइट्स जातात ते मोजणारा एजंट लिहिला होता. मजला म्हणजे एक इन्स्टन्स. ग्राफमध्ये दुसऱ्या मजल्याची रेघ सगळ्यांच्या डोक्यावर. झालं! ‘दुसरा मजला रात्रभर डाउनलोड करतो’ असा बोभाटा झाला आणि त्या मजल्याचा वेग निम्मा करायचं कमिटीत जवळजवळ ठरलं. तिथली काही मुलं ऑनलाइन टेस्ट देत होती, त्यांचा जीव टांगणीला.

मी एक संध्याकाळ मागून घेतली. एजंटला डीबीपीएमडीएसमोर बसवलं आणि पाच-पाच मिनिटांनी फेच केलं. चारही मजल्यांचे आकडे फक्त चढत होते, उतरत एकदाही नव्हते. मग डेस्क मागितलं. उत्तर आलं : इन्स्टंट! म्हणजे आकडे खरे, ओळखपत्र खोटं. स्विच चालू झाल्यापासूनची एकूण बेरीज ‘आत्ताचा वेग’ म्हणून ग्राफवर जात होती. बाकीच्या मजल्यांचे स्विच लाइट गेल्यामुळे अलीकडेच रीस्टार्ट झालेले, दुसऱ्याचा मात्र कित्येक आठवडे अखंड चालू. त्याचा गुन्हा एवढाच!

कोडमध्ये एक शब्द बदलला, इन्स्टंटच्या जागी काउंटर. काउंटर म्हटलं की पीसीपीची टूल्स दोन आकड्यांमधला फरक काढून त्याला वेळेने भागतात आणि खरा वेग दाखवतात. नव्या ग्राफमध्ये चारही रेघा एकमेकींच्या आसपास आल्या. कपातीचा विषय तिथेच संपला.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट तपासली. मेट्रिक ३२ बिटचं होतं. ३२ बिटमध्ये ४,२९,४९,६७,२९६ एवढे बाइट्स मोजले की काउंटर पुन्हा शून्यावर येतो. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण भरून वाहत असेल तर ही वेळ पावणेसहा मिनिटांच्या आतच येते, आणि १ जीबीपीएसवर सुमारे ३४ सेकंदांत. म्हणून बाइट्ससाठी ६४ बिटच घ्या.

आणखी दोन फायदे

‘टायमर ऑन’ केलं की एजंटने उत्तराला किती वेळ घेतला ते कळतं. हे का पाहायचं? कारण पीएमसीडी एजंटची वाट साधारण ५ सेकंद पाहतो, त्यानंतर त्याच्याशी संबंध तोडतो. म्हणूनच चालू पीएमसीडीखालच्या एजंटला जीडीबी लावून ब्रेकपॉइंटवर थांबवलं की जोडणी तुटते आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो. डीबीपीएमडीएखाली हा प्रश्न येत नाही. शिवाय शेअर्ड लायब्ररीवाला एजंट क्रॅश झाला तर फक्त तुमचा डीबगर बंद पडतो. पीएमसीडीच्या आत क्रॅश झाला असता तर सगळ्यांचंच मॉनिटरिंग बसलं असतं.

शेवटी एक सूचना. व्हायवा पास म्हणजे वर्ष पास नव्हे. इथे एका वेळी एकच प्रश्न विचारला जातो, आणि खऱ्या डेमनचं कॉन्फिगरेशन व परवानग्या तपासल्या जात नाहीत. त्यासाठी एजंट रीतसर इन्स्टॉल करून ‘पीएमइन्फो’ने पुन्हा खात्री करा. आणि सगळे प्रश्न एका फाइलमध्ये लिहून ठेवा. कोड बदलला की तीच फाइल डीबीपीएमडीएला इनपुट म्हणून द्यायची, दोन मिनिटांचं काम. ग्राफ बघून कुणाचं नेट कापायचं असेल तर आधी एवढी दोन मिनिटं खर्च करायला काय हरकत आहे?