मेजर, आधी विहीर बघा

बाळा, पेन्शनवर आलास आणि पंपाच्या दुकानात सेल्समन म्हणून लागलास, हे बरं केलंस. पण एक गोष्ट पहिल्या दिवशीच डोक्यातून काढून टाक. आपल्या सातारा जिल्ह्यात फौजी म्हणजे काही अपूर्वाई नव्हे. अपशिंग्यात तर घरटी वर्दी. तू हवालदार होऊन आलास तरी बाजारपेठेत सगळे तुला ‘मेजर’च म्हणणार. त्या हाकेवर चहा मिळतो, मोटर खपत नाही. लढाईच्या गोष्टी कुणी विचारल्या तर सांग, आपणहून काढू नकोस.

गिऱ्हाईक दुकानात येतं ते आकडा ठरवूनच. ‘पाच एचपीची द्या.’ का? तर शेजाऱ्याची पाचची आहे. लगेच बिलबुक उघडू नकोस. गाडीला किक मार आणि त्याची विहीर बघून ये. पलटणीत रेकी केल्याशिवाय पाऊल टाकत नव्हतास ना, मग इथं कसली घाई?

सोबत दोरी ने. टोकाला दगड बांधून विहिरीत सोड आणि पाणी किती खोल आहे ते माप. पण दिवाळीतल्या पाण्यावर जाऊ नकोस. ‘वैशाखात पाणी कुठं जातं?’ हा खरा प्रश्न. काठावरची मोनोब्लॉक पाणी ओढते ती हवेच्या दाबावर. कागदावर 34 फुटांपर्यंत हिशेब जातो, पण फुटव्हॉल्व्ह, बेंड आणि पाइपातलं घर्षण वजा जाता हातात वीस-बावीस फूटच उरतात. पाणी त्याखाली गेलं की पाचची लाव नाहीतर दहाची, मोटर नुसती गरगरते. तिथं सबमर्सिबल तरी सांग, नाहीतर मोटर खाली उतरवायला आत कट्टा बांधायला सांग. मग विहिरीपासून सगळ्यात लांबच्या सरीपर्यंत चालत जा. चढ किती, पाइप किती इंची, वाटेत बेंड किती, हे वहीत टिप. पुष्कळदा निघतं असं, की मोटर आहे तीच पुरते, पाइप तेवढा अरुंद असतो. तसं स्पष्ट सांग. त्या दिवशी मोटर खपणार नाही, मालक कुरकुरेल. कुरकुरू दे. तोच शेतकरी पुढं भावकीतली चार गिऱ्हाइकं घेऊन येतो.

आणि मीटर लावून व्होल्टेज बघ. तेसुद्धा डीपीवरच्या, म्हणजे त्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्यांच्या मोटरा चालू असताना. तीन फेजला 415 हवेत. लाइनच्या टोकाच्या विहिरीवर साडेतीनशेसुद्धा भरत नाहीत. अशा ठिकाणी मोटर जळली की माणूस डीपीला शिव्या घालत नाही, तुला घालतो. तेव्हा स्टार्टरचा रिले मोटरच्या अँपिअरवर लावून दे, आणि कुणी तो तारेनं बांधून टाकलेला दिसला तर तिथंच सोडवायला लाव.

आता नकाराचं. आमची जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा, 1971च्या लढाईत डिसेंबरात पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला होती. आमच्या ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी समोरच्या पाकिस्तानी कर्नलला शरण येण्याचं पत्र धाडलं. उत्तरात कागद आला, त्यात गुंडाळलेली बंदुकीची गोळी. तोवर आम्ही ब्रह्मपुत्रा ओलांडून त्यांच्या पाठीमागचा टांगाइलचा रस्ता धरून बसलो होतो. रात्री ते त्याच रस्त्यानं बाहेर पडले आणि थेट आमच्या मोर्च्यांवर आले. दारात ‘नको’ म्हणणाऱ्याशी हुज्जत घालू नकोस. त्याच्या पाठीमागचा रस्ता कोणता ते बघ. पंपाच्या धंद्यात तो रस्ता वायरमनच्या आणि रिवायंडिंगवाल्याच्या टपरीवरून जातो. जळालेली मोटर पहिल्यांदा त्यांच्याकडं येते, आणि ‘आता कुठली घेऊ?’ हेही त्यांनाच विचारलं जातं. त्यांना कमिशनची लालूच दाखवू नकोस. कुठल्या मोटरचं वायंडिंग लवकर जातं, कुठल्या बेअरिंगला वाळू लागते, हे त्यांच्याकडून शिक. ज्यानं आपल्याला विचारलं, त्याचं नाव ते घेतात.

परेडचा आवाज मात्र घरीच ठेव, परेडची वेळ तेवढी सोबत आण. ‘सकाळी दहाला येतो’ म्हणालास तर दहाला पाच कमी असताना बांधावर उभा राहा. ही सवय बाजारात कुणाला नाही, तुला फुकटात मिळालेली आहे.

राहिली उधारी. ऊसवाल्याकडं पैसा कधी असतो, ते कारखाना ठरवतो. कायद्यानं ऊस गेल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायला हवी. प्रत्यक्षात किती लांबते ते गावात कुणालाही विचार. म्हणून उधारी देतानाच विचारायचं, ऊस कुठल्या कारखान्याला जातो, तोड कधीची? तीच तारीख वहीत लिहायची आणि समोर सही घ्यायची. बिल जमा झाल्याचं कानावर आलं की दुसऱ्या सकाळी दारात हजर. तिसऱ्या दिवशी ते पैसे सोसायटीला आणि सोयरिकीला गेलेले असतात. आणि वसुली अडली म्हणून मालकाला आपल्या पेन्शनच्या कम्युटेशनच्या पैशातून भरणा करू नकोस. कुणाला जामीनही राहू नकोस, मग तो आपल्याच बटालियनचा का असेना.