पालेखची काळी डबी

तळहातावर मावेल एवढी एक डबी आपल्यासमोर आहे असे समजू. बाहेरून ती काजळासारखी काळी, तर झाकण उघडल्यावर आतून कुंकवासारखी लाल आहे. झाकणावर सोनेरी रेषांनी लखलखणारे चित्र आहे. त्यात एक लांब दाढीचा बुटका आकाशातून उडत चालला आहे आणि त्या दाढीला एक योद्धा लोंबकळत आहे. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांनी छापलेली गोष्टींची मराठी पुस्तके ज्यांच्या हाती बालपणी आली, त्यांना रशियन परीकथांचे हे जग अगदीच अनोळखी वाटणार नाही. परंतु ही चित्रे रंगवणाऱ्या हातांची हकीकत आपल्याकडे फारशी सांगितली गेलेली नाही. ती येथे मांडावी असे आम्हांस वाटते.

प्रथम चित्रातील कथा पाहू. ती अलेक्सांद्र पुश्किन या कवीच्या १८२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रुस्लान आणि ल्युद्मिला’ या काव्यातील आहे. कीव्हचा राजा व्लादिमीर याची कन्या ल्युद्मिला हिचा रुस्लानशी विवाह होतो आणि त्याच रात्री चेर्नोमोर नावाचा बुटका जादूगार तिला पळवून नेतो. संतापलेला राजा जाहीर करतो की, जो तिला परत आणील त्यालाच ती दिली जाईल. म्हणजे नवऱ्यालाच आपली पत्नी नव्याने मिळवावी लागते, आणि तीही तीन प्रतिस्पर्ध्यांशी झुंजून! वाटेत रुस्लानला माळावर पडलेले एक प्रचंड जिवंत मस्तक भेटते. त्याच्याखाली दडवलेली तलवार त्याच्या हाती लागते. चेर्नोमोरचे सारे बळ त्याच्या दाढीत आहे. ती दाढी धरून रुस्लान दोन दिवस आकाशात लोंबकळतो आणि अखेर ती कापून टाकतो. तरीही सुख लगेच पदरात पडत नाही. परतीच्या वाटेवर भित्रा फार्लाफ झोपेतच त्याला ठार करतो व निद्रिस्त ल्युद्मिलेला घेऊन कीव्हला जातो. एक वृद्ध तपस्वी मृतजल शिंपडून रुस्लानच्या जखमा भरतो, जीवनजल शिंपडून त्याचे प्राण परत आणतो आणि ल्युद्मिलेला जागे करणारी अंगठी त्याच्या हाती देतो.

एवढी लांबलचक कथा चार बोटे रुंदीच्या झाकणावर कशी मावते? चित्रकार एकच प्रसंग निवडत नाही. खालच्या कोपऱ्यात विवाहाची मेजवानी, मध्ये ते मस्तक, वर आकाशातील झुंज, असा एकच नायक एकाच चित्रात दोनतीनदा येतो. अजिंठ्याच्या भिंतींवरील जातककथा ज्यांनी नीट पाहिल्या आहेत त्यांना ही रीत समजावून सांगायला नको. अर्थात या दोन परंपरांचा परस्परांशी संबंध नाही. पालेखच्या चित्रकारांनी ही रीत घेतली ती स्वतःच्याच घरातून.

पालेख हे मॉस्कोच्या ईशान्येस, इवानोवो प्रांतातील गाव. तेथील कुटुंबे पिढ्यान् पिढ्या चर्चसाठी संतांच्या लाकडी प्रतिमा रंगवीत. मध्यभागी संताची मोठी आकृती आणि भोवती चौकटीत त्याच्या आयुष्यातील प्रसंग, अशी मांडणी त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. १९१७ च्या क्रांतीनंतर प्रतिमांची मागणी बंद पडली व कर्मशाळा उठल्या. बोटांत शतकांचे कसब होते, पण रंगवायला विषय नव्हता. कोणी शेतीकडे वळले, कोणी लाकडी भांडी रंगवू लागले, कोणी नाटकांचे पडदे. इवान गोलिकोव हा त्यांच्यातील एक. मॉस्कोच्या हस्तोद्योग संग्रहालयात त्याने फेदोस्किनो गावच्या चकचकीत डब्या पाहिल्या. त्या गावचा हा धंदा १७९५ पासूनचा. आरंभी तेथे सैनिकांच्या टोप्यांचे टाळे होत, पुढे तपकिरीच्या डब्या होऊ लागल्या. फेदोस्किनोचे कारागीर तैलरंग वापरीत. गोलिकोवने तोच कागदी लगदा घेतला, पण त्यावर स्वतःच्या घरचा, अंड्याच्या बलकात कालवलेला रंग चढवला. ५ डिसेंबर १९२४ रोजी पालेखच्या सात चित्रकारांनी आपली सहकारी मंडळी स्थापन केली.

डबीची घडण मोठी चिकाटीची आहे. पुठ्ठ्याच्या पट्ट्या खळीने एकावर एक चिकटवून साच्याभोवती गुंडाळतात, दाबतात, वाळवतात, गरम जवसाच्या तेलात मुरवतात आणि भट्टीत सावकाश सुकवतात. मग तो कागद लाकडासारखा टणक होतो. त्याला करवत लावता येते, रंधा मारता येतो. त्यावर अस्तर आणि मग काळे रोगण येते. (या कामाला लाखकाम म्हणण्याची चाल आहे, पण आपल्याकडची लाख त्यात नसते.) चित्र आधी पांढऱ्या रंगाने मांडून वर पातळ थर देतात. सोन्याचा वर्ख डिंकात बोटाने खलून त्याच्या रेषा ओढतात आणि त्या लांडग्याच्या दाताने घासून उजळतात. शेवटी पुन्हा रोगणाचे थर आणि घोटाई. सारे मिळून काही महिनेही लागतात.

परीकथा हा केवळ सोयीचा, सत्तेला न खुपणारा विषय होता, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. पण चित्र जवळून पाहिले की आमचे मन तेवढ्यावर थांबत नाही. रुस्लानच्या मागचे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर, सडपातळ लांब देह, वस्त्रांवरील सोन्याचे बारीक किरण हे सारे संतांच्या प्रतिमांतून आलेले आहे. विषय बदलला, हात बदलला नाही.

एक गोष्ट मात्र बदलली. जुन्या कर्मशाळेत काम वाटलेले असे. एकाने वस्त्रे व पार्श्वभूमी रंगवायची, दुसऱ्याने चेहरे, आणि प्रतिमेवर सहसा कोणाचेच नाव नसे. डबी मात्र आरंभापासून अखेरपर्यंत एकाच चित्रकाराच्या हातून रंगते. आज छापील चित्र चिकटवून वर रोगण फासलेल्या नकला बाजारात पुष्कळ दिसतात. भिंगाखाली त्यांतील ठिपके उघडे पडतात. खऱ्या डबीच्या झाकणावर, अगदी खालच्या कडेला, केसाएवढ्या सोनेरी अक्षरांत गावाचे नाव असते आणि त्याच्या शेजारी चित्रकाराचे.