ग्रान सास्सोला जाणाऱ्यासाठी



इटलीच्या अपेनाइन पर्वतरांगेचा सर्वांत उंच भाग रोमच्या पूर्वेला, आब्रुझ्झो प्रांतात येतो. ग्रान सास्सो हा तिथला मुख्य डोंगर. त्याचे कोर्नो ग्रांदे हे शिखर २९१२ मीटर उंच आहे, म्हणजे कळसूबाईच्या पावणेदोन पट. पण या डोंगरात फसगत होते ती उंचीमुळे नव्हे. ती होते तिथे फार सहज पोहोचता येते म्हणून. फोन्ते चेर्रेतोहून रोपवे काही मिनिटांत सुमारे हजार मीटर वर चढतो आणि माणसाला २१३० मीटरवर, काम्पो इम्पेरातोरेला सोडतो. उन्हाळ्यात गाडीरस्ताही तिथवर जातो. रोपवेतून किंवा गाडीतून उतरले की समोर शिखर हाताशी आल्यासारखे दिसते आणि दुपार व्हायच्या आत जाऊन येऊ, असे वाटू लागते. प्रत्यक्षात तिथून माथ्यापर्यंत जवळजवळ आठशे मीटरची चढाई उघड्या चुनखडकावरून करायची असते.

पहिला दिवस शिखरासाठी वापरू नये. तो मोन्ते आक्विलाला द्यावा. २४९४ मीटरचा हा डोंगर काम्पो इम्पेरातोरेहून सोप्या वाटेने गाठता येतो, विरळ हवेत दम किती लागतो ते कळते आणि कोर्नो ग्रांदेची दक्षिण बाजू समोरून नीट पाहता येते. दुसऱ्या दिवशी कुठून जायचे आहे, कुठे घसारा आहे, कुठे बर्फ उरला आहे, हे तिथे बसून शांतपणे बघून घ्यावे. हौशी लोक हा दिवस वाया गेला समजतात. तो सर्वांत उपयोगाचा दिवस असतो.

ऋतू निवडताना जूनची अखेर ते सप्टेंबर हा काळ धरावा. जूनच्या सुरुवातीला काम्पो इम्पेरातोरेच्या पठारावर फुले असतात, पण वरच्या घळींत कडक बर्फ असतो आणि त्यावर साध्या बुटांनी पाय टाकणे धोक्याचे असते. शिखराच्या उत्तरेच्या कुशीत काल्देरोने आहे. एके काळी ही युरोपातली सर्वांत दक्षिणेकडची हिमनदी म्हणून ओळखली जाई. आता ती आटत आटत दोन तुकड्यांत उरली आहे. असे असले तरी तिच्या बाजूचा उतार उन्हाळ्यातही थंड आणि कठीण राहतो.

पाण्याचा प्रश्न सह्याद्रीत वाढलेल्याला चटकन लक्षात येत नाही. किल्ल्यावर टाकी असतात, वाटेत झरे असतात, निदान एखाद्या वाडीत हंडा मिळतो. इथला खडक चुनखडीचा. वितळलेले बर्फ आणि पाऊस त्याच्या भेगांतून आत मुरतात आणि पार पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतात. वर मात्र सारे कोरडे. त्यामुळे माणशी किमान दोन लिटर पाणी खालूनच भरून घ्यावे, कडक उन्हात तीन. सावली कुठेच नाही, म्हणून टोपी आणि चष्माही हवा. चुनखडकावरून परत फेकले जाणारे ऊन डोळ्यांना त्रास देते.

वाटांवर लाल-पांढऱ्या रंगाच्या खुणा आणि क्रमांक असतात. हे काम इटालियन आल्पाइन क्लबचे, ज्याची स्थापना १८६३ साली तोरिनोत झाली. पाट्यांवर बहुधा अंतर नसते, वेळ असतो. तो वेळ सराव असलेल्या चालणाऱ्याचा, थांबे न धरता. नवख्याने त्यात निम्म्याची भर घालावी. वाटांची वर्गवारीही असते: टी म्हणजे फिरायला येणाऱ्यांची, ई म्हणजे साध्या ट्रेकची, ईई म्हणजे अनुभवी माणसाची आणि ईईए म्हणजे जिथे हेल्मेट, दोर अशी साधने लागतात ती.

कोर्नो ग्रांदेची नेहमीची वाट ईई वर्गातली. ती प्रथम २३३५ मीटरच्या सेल्ला दि मोन्ते आक्विला या खिंडीत जाते. तिथवर चाल आरामाची. पुढे ब्रेच्चायोच्या खिंडीकडे चढताना घसारा सुरू होतो. बारीक, टोकदार, पांढरे दगड पायाखालून सरकतात. एक पाऊल वर टाकले की अर्धे खाली येते. इथे घाईने उंच पावले टाकणारा दहा मिनिटांत थकतो. टाच पूर्ण टेकवून, लहान पावलांनी, नागमोडी वाट न सोडता चालावे. आडवाटेने सरळ वर चढू नये, कारण सुटलेला दगड खालच्या माणसावर जातो. खिंड २५०६ मीटरवर आहे. तिच्या पलीकडे दगडांनी भरलेली खोलगट जागा लागते आणि मग माथ्यापर्यंतचा शेवटचा उभा चढ. दक्षिणेच्या कातळातून जाणारी दुसरी वाट आहे. ती जवळची आहे, पण हातांचा आधार घेत चढावी लागते आणि वरून दगड येतात. हेल्मेट आणि जाणता सोबती नसेल तर तिचा विचारही करू नये.

जाणत्या सोबत्याचा नियम जुना आहे. १५७३ साली बोलोन्याचा लष्करी अभियंता फ्रान्चेस्को दे मार्की या शिखरावर चढला तेव्हा तो सत्तरीच्या उंबरठ्यावर होता. वाट दाखवायला त्याने पायथ्याच्या आस्सेर्जी गावचा एक शिकारी घेतला होता.

माथ्यावरून एड्रियाटिक समुद्र दिसतो आणि हवा बिघडते त्याचे एक कारणही तोच. समुद्राकडची दमट हवा ईशान्येच्या कड्यांवरून वर चढते, दुपारपर्यंत ढग दाटतात आणि उन्हाळ्यात गडगडाटी वादळे होतात. म्हणून पहाटे निघावे आणि बारापर्यंत माथा सोडावा. दहाच्या सुमारास ढगांचे उंच मनोरे दिसू लागले, तर शिखर अर्ध्या तासावर असले तरी मागे फिरावे. उघड्या धारेवर विजेपासून लपायला जागा नाही.

पठारावरून चालताना मेंढरांची गाठ पडते. या प्रदेशातले मेंढपाळ शतकानुशतके शरद ऋतूत दक्षिणेच्या पुल्या प्रांतात उतरत आणि उन्हाळ्याला परत येत. मेंढरांच्या या स्थलांतराला २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. कळपाबरोबर मोठे पांढरे राखणदार कुत्रे असतात. लांडग्यांशी त्यांचा रोजचा सामना, तेव्हा अनोळखी माणसाला ते सहज जवळ येऊ देत नाहीत. धनगरांच्या वाड्याजवळून जाताना जी शिस्त पाळायची तीच इथे पाळावी: कळपाला लांबून वळसा, पळणे नाही, काठी उगारणे नाही, कुत्रा जवळ आल्यास थांबून संथपणे मागे सरणे.

मुक्काम खालच्या गावांत करावा. सान्तो स्तेफानो दि सेस्सानियो हे दगडी गाव त्यासाठी उत्तम. तिथला बुरूज २००९ च्या भूकंपात कोसळला होता. या गावची बारीक, गडद मसूर प्रसिद्ध आहे. मांसाहार न करणाऱ्याला तिचे गरम सूप आणि पाव पुरेसे होतात. इतरांसाठी मेंढीच्या मटणाच्या सळया, निखाऱ्यांवर भाजलेल्या.

ग्रान सास्सो झाल्यावर दक्षिणेचा मायेल्ला डोंगर घ्यावा. त्याचा माथा, मोन्ते आमारो, २७९३ मीटरवर आहे, पण वाट खूप लांबलचक आणि तशीच बिनपाण्याची, त्यामुळे सराव पुरता झाल्याशिवाय तिकडे वळू नये. उतरून समुद्राकडे जाताना सान्ग्रो नदीच्या मुखाजवळचे युद्धस्मारक मराठी माणसाने आवर्जून पाहावे. नोव्हेंबर १९४३ मध्ये या नदीवर आठवी भारतीय डिव्हिजन लढली आणि तिच्यात मराठा पलटणही होती. दहन झालेल्या पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांची नावे तिथे कोरलेली आहेत.

एकट्याने निघायचे असल्यास रात्रीच कुणाला तरी वाट आणि परतण्याची वेळ सांगून ठेवावी. मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. सगळीकडे रेंज असतेच असे नाही, म्हणून शिट्टी आणि हेडटॉर्च पिशवीत असावी. परतताना रोपवेची शेवटची फेरी किती वाजता सुटते, ते सकाळीच विचारून घ्यावे.