सेसना १५२ चे इंजिन वेगळे वाजले तर

या विमानाचे चार सिलिंडरचे लायकमिंग इंजिन बहुतेक वेळा सांगून बिघडते. ऐकणाऱ्याने ते मनावर घ्यायला हवे.

काय करावे

• आवाज कसा होता यापेक्षा कधी झाला ते आधी टिपावे. इंजिन गार होते की तापलेले, आरपीएम किती, दोन्ही मॅग्नेटोंवर की एकाच? नुसत्या "खडखडतंय"वरून एएमईला (विमान देखभाल अभियंत्याला) काही कळत नाही.

• सकाळच्या पहिल्या स्टार्टला इंजिन लंगडत धडधडले आणि दोन-चार मिनिटांत सुरळीत झाले, तर उड्डाण रद्द करून स्नॅग (बिघाडाची नोंद) लिहावा. सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते याच लक्षणाकडे, म्हणून आग्रहाने सांगतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या गाइडमध्ये काजळी साचली की व्हॉल्व्ह गारठ्यात अडकतो, तापला की सुटतो. एक दिवस तो सुटत नाही. पुशरॉड वाकतो आणि एक सिलिंडर हवेतच बंद पडतो.

• मॅग्नेटो चेकला १७०० आरपीएमवर १२५ पेक्षा जास्त घट किंवा दोन्हींत ५० पेक्षा जास्त फरक आला, तर थांबावे. प्लगवर शिसे बसले असेल तर मिश्रण लीन करून थोडे चालवल्यावर जाते. न गेल्यास परत फिरावे.

• एक्झॉस्टकडून फटफट ऐकू आली तर केबिन हीटर बंद, व्हेंट उघडे, आणि लवकरात लवकर उतरावे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

• कम्प्रेशन टेस्टला जवळ उभे राहून ऐकावे. ८० पीएसआय हवा भरल्यावर फुसफुस एक्झॉस्टमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरकडून आली तर इनटेक, ऑइल फिलरमधून आली तर रिंगा.

काय टाळावे

• कार्ब हीट ओढल्यावर इंजिन आणखी अडखळले म्हणून ती लगेच बंद करू नये. कार्ब्युरेटरमधल्या वितळलेल्या बर्फाचे पाणी आत जात असते. पावसाळ्यात बाहेर २५ अंश असतानाही बर्फ धरतो.

• डेटोनेशन मोटारीसारखे कानाला कळेल असे धरून चालू नये. प्रोपेलर आणि वाऱ्याच्या आवाजात ते बुडून जाते.

• मॅग्नेटो चेक करताना चावी चुकून ऑफवर गेली, तर झटक्यात बोथवर आणू नये. साचलेले इंधन पेटून मफलर फाटतो. थ्रॉटल आधी मागे घ्यावा.

• आवाज शोधायला प्रोपेलर हाताने फिरवू नये. मॅग्नेटोची ग्राउंड वायर तुटलेली असेल, तर चावी ऑफ असूनही इंजिन सुरू होऊ शकते.