मतासाठी गाडी येते, ग्रामसभेसाठी येत नाही

२०२४ च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. आदल्या रात्री आमच्या उसाच्या फडावर गाडी आली, मतदारांना बीड जिल्ह्यातल्या गावी न्यायला. आई-दादा चढले. धाकट्या भावाला घेऊन मी कोपीवरच, म्हणजे फडावरच्या झोपडीतच राहिले. वीस वर्षांची झाले होते, पण यादीत नाव नव्हतं. नोंदवायला गेले तेव्हा एकानं सुनावलं होतं, "तुम्ही सहा महिने गावात नसता, तुमचं नाव कशाला?" मला ते खरंच वाटलं. ही पहिली चूक. कामासाठी तात्पुरतं बाहेर गेल्यानं रहिवास संपत नाही, असं १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो. तो मी नंतर वाचला.

दुसरी चूक जास्त महागात पडली. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत घरकुलाची यादी मंजूर झाली, तेव्हा आम्ही मोळ्या बांधत होतो. पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर गावी आलो, तर आमचं नाव नाही. "तुम्ही हजर नव्हता," एवढंच उत्तर मिळालं आणि मी गप्प बसले. बागायतदारांची पोरं त्या सभेला होती. त्यांच्या घरात कुणी ऊसतोडीची आगाऊ उचल घेतलेली नसते, म्हणून त्यांना गाव सोडावं लागत नाही. आमच्या हजेरीचा हिशेब ऊसतोड टोळीच्या मुकादमाकडे असतो.

कोयत्यावर, ऊसतोडीला जाणाऱ्या माझ्या भावंडांनो, माझ्यासारखं गप्प बसू नका.

सतरा वर्षं पूर्ण झाली की मतदार नोंदणीचा नमुना ६ आगाऊ भरता येतो. गाव सोडण्याआधी भरा आणि पोच घ्या.

ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायलाच हव्यात. २६ जानेवारीची आपली हुकते. पण १ मे, १५ ऑगस्ट आणि बहुधा २ ऑक्टोबरलाही आपण गावात असतो. घरकुल, रेशन, शाळा, जे मागायचं ते तेव्हाच लेखी मागा. मुलींनो, ग्रामसभेआधी महिलासभा असते. तिथं आईलाही सोबत न्या.

आपल्या माघारी काय ठरलं, ते माहिती अधिकारात मागा. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.

यंदा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. आवाज कापत होता. पण घरकुलाच्या ठरावाची नक्कल मागणारा माझा अर्ज ग्रामपंचायतीला घ्यावा लागला. त्याची पोच आईनं ट्रंकेत, रेशनकार्डाशेजारी ठेवली आहे.