आजचं चिंतन : गावठी

आजचं वाचन : ज्ञानेश्वरी, अध्याय ६ आणि ९, सुरुवातीच्या ओव्या



डोंबिवलीच्या बाजारात 'गावठी' या शब्दाने भाव वाढतो. गावठी अंडी, गावठी कोंबडी, गावठी कोथिंबीर. चार पैसे जास्त मोजून आपण घेतो. तोच शब्द माणसाला लावला की मात्र शिवी होते.

आमच्या टीममध्ये मराठवाड्यातला एक मुलगा आहे. कोड उत्तम लिहितो, पण मीटिंगमध्ये गप्प. एकदा विचारलं तर म्हणाला, "दादा, आपण 'पानी' म्हणलं की लोक हसतेत." इथपर्यंत ठीक. पण पुढे म्हणाला, "लोकलमध्ये आईचा फोन आला तरी उचलत नाही. तिच्याशी शुद्ध बोलता येत नाही ना." हे ऐकून पोटात तुटलं. लाज त्याची, पण ताटातूट आईची.

आता वाचनाकडे येऊ. शके १२१२, म्हणजे १२९० साली माउलींनी नेवाशाला गीता मराठीत सांगितली. तेव्हा शास्त्राची भाषा संस्कृत. मराठी म्हणजे शेतातली, बाजारातली, चुलीपुढची बोली. माउलींना संस्कृत येत होतंच, नाहीतर गीता उलगडली कशी असती? तरी सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला ते सांगतात की माझी मराठी गोडीत अमृतालाही पैजेने हरवेल.

आणि हेच माउली नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला संतश्रोत्यांपुढे बोबडं बोलणाऱ्या लेकरासारखे होतात.

या दोन्ही जागा शेजारी ठेवून वाचा. स्वतःबद्दल बोलताना केवढी नम्रता, आणि आपल्या माणसांच्या भाषेबद्दल बोलताना केवढा ठामपणा! आपलं बरेचदा उलटं होतं. स्वतःचं पॅकेज, फ्लॅट, पद छाती काढून सांगतो आणि आईची बोली लपवतो. नम्रतेत 'मी' लहान होतो. न्यूनगंडात आपण आपल्या माणसांना लहान करतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, दोन्हीत मान खाली असते. पण पहिल्याने माणूस देवाजवळ जातो, दुसऱ्याने घरापासून तुटतो.

शिवाय ज्याला आपण शहर म्हणतो ते तरी काय आहे? कल्याण-डोंबिवलीची २७ गावं १९८३ साली महापालिकेत आली, २००२ साली बाहेर पडली, २०१५ साली पुन्हा आत आली. तिथले आगरी बांधव कुठे गेले नाहीत, शहरच त्यांच्या दारात आलं. टॉवरच्या सावलीत आजही हरिनाम सप्ताह होतात. डोंबिवलीच्या मोठ्या क्रीडासंकुलाला नाव आहे ते ह.भ.प. सावळाराम महाराज म्हात्रे यांचं, एका आगरी वारकरी कीर्तनकाराचं.

एक सावधगिरी मात्र हवी. "आमच्या गावाकडची माणसंच खरी, शहरातली सगळी खोटी" हा दुसरा अहंकार. माउलींनी मराठीला मान दिला, संस्कृतला नावं ठेवली नाहीत. इंग्रजी शिका, प्रमाण मराठी शिका, कामाला लागतंच ते. नवी भाषा शिकायला जुनी टाकावी लागत नाही.

आणि आपल्यापैकी जे इथेच वाढले त्यांनाही आज एक प्रश्न : आपल्या हसण्यामुळे ऑफिसातलं कोण गप्प बसलंय?

आजचा नेम साधा आहे. आज घरून फोन आला तर लोकलमध्येच उचला. ठाण्याच्या गर्दीत, फोर्थ सीटवर, चारचौघांत. आणि आई जशी बोलते तसंच बोला. पानी तर पानी. पांडुरंगाला दोन्ही कळतं.

राम कृष्ण हरी 🙏